सासूबाईंना चहाला नेणारी पोरं

अगं, ये इकडे, जवळ बस. बॅग नंतर भर, तुझी गाडी संध्याकाळची आहे. आणि तो फोन जरा उलटा ठेव. काल गच्चीवर मैत्रिणीशी बोलत होतीस, ते मी मिरच्या हलवता हलवता सगळं ऐकलंय. "वॉर्डात एक भारी केस आलीय, सगळे बघून आले, तू पण बघून घे." भारी केस म्हणे! माझी लाडकी नात आहेस आणि डॉक्टर व्हायला निघाली आहेस, म्हणून कान धरत नाही. पण बाई, त्या खाटेवर माणूस होतं ना? सगळे बघून आलात, ते त्या माणसाला चालणार होतं का, हे कुणी विचारलं का? रुसू नकोस. रागावून नाही बोलत मी. तुझ्या वयाच्या पोरांबरोबर मी कितीतरी गुरुवार काढलेत, म्हणून तोंडातून निघून गेलं.

मी काही शिकलेली नाही, हे तुला माहीतच आहे. शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काही आलं ते हाताला लागेल ते वाचून आणि दवाखान्याच्या बाकांवर बसून आलं. पंचवटीत आमचं महिला मंडळ होतं. आधी हळदीकुंकू आणि पापड एवढंच चालायचं. मग कुणाच्या सुनेला अंगावरून जातंय, कुणाच्या जावेची गर्भपिशवी काढायची म्हणतात, असं कानावर यायला लागलं. दवाखान्यात सोबत कोण जाणार? मी. मला बोलायची लाज नाही आणि रांगेत उभं राहायचा कंटाळा नाही, एवढंच माझं भांडवल.

तिथे एक मॅडम होत्या. बायकांच्या दुखण्यांच्या डॉक्टर, आणि पुढच्या डॉक्टरांना शिकवायच्याही. चणीने तुझ्याएवढ्या, पण आवाज काढला की भाजीबाजार गप्प बसावा. एक दिवस त्यांनी मला बाकावरून उठवलं.

"तुम्ही दर आठवड्याला नवी बाई घेऊन येता. तुम्ही कोण तिच्या?"

"मी कुणी नाही. मी सोबत," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग आत बोलावून म्हणाल्या, "माझ्या पोरांना पेशंट तपासता येतो हो. पण त्याच पेशंटसाठी कुणाकडे जाऊन दोन शब्द बोलायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसते. बायकांच्या बाबतीत तर विचारूच नका. त्यांना तुमच्याबरोबर सोडू का?"

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा. आणि मग दर गुरुवारी चारपाच पांढरे कोट माझ्या मागे फिरायला लागले. कधी पंचवटीच्या गल्ल्यांतून, कधी दवाखान्याच्या रांगांतून. तुझे आजोबा म्हणायचे, "बदकं निघाली का?"

आमचा अभ्यास कुठल्या पुस्तकात नव्हता. तो सासूपासून सुरू व्हायचा. सून तपासायला आली की बरोबर सासू. मॅडमनी विचारावं, "काय होतंय गं?" की सासू सांगणार, "काही होत नाही हो तिला, नुसती लोळत असते." पाळी कधी आली, हे सासू सांगणार. कुठे दुखतंय, हेही सासूच सांगणार, तेही सुनेच्या पोटावर स्वतःचं बोट ठेवून. सून आपली पदराचं टोक पिळत बसलेली. बरं, सासूला बाहेर थांबा म्हणावं तर ती रुसणार, आणि तो रुसवा घरी गेल्यावर कुणाच्या वाट्याला येणार, हे काय सांगायला पाहिजे?

मग आम्ही रीत पाडली. एका पोराने किंवा पोरीने सासूबाईंना चहाला न्यायचं. मानाने न्यायचं. "आज्जी, सकाळपासून उभ्या आहात, चला, घोटभर चहा घेऊ." मॅडमनी भुवई उचलली की ती खूण. ऐकायला सोपं वाटतं ना? एक मुलगा सासूला घेऊन गेला आणि दोन मिनिटांत परत. काय रे झालं? तर म्हणे, "त्यांनी नको म्हटलं." अरे, सासू पहिल्यांदा नकोच म्हणते! एका पोरीने टपरीवर बसवून सासूला रक्तवाढीच्या गोळ्यांवर व्याख्यान दिलं, ती सासू परत आली ती सुनेला उठवून घेऊनच गेली. मॅडम त्या दिवशी इतक्या चिडल्या! म्हणाल्या, "तिला शिकवायला नेलं नव्हतं, तिचं ऐकायला नेलं होतं."

या कामात एक मुलगा पक्का होता. दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग, फवारणीचा ट्रॅक्टर चालवत मोठा झालेला. उंच, सावळा, आणि लाजरा म्हणजे किती! वर्गात काही विचारलं की घसा खाकरण्यातच त्याचा वेळ संपायचा. पण सासवांचा भलता लाडका. तो बोलायचाच नाही फारसा, हाच त्याचा गुण. त्या विचारायच्या, "बाग किती रे? छाटणी झाली का? लग्नाचं बघतात का घरी?" तो हो-नाही करत बसायचा, आणि सासू आपली मोकळी होत जायची. शेवटी तीच म्हणायची, "घाई नको करू म्हणावं मॅडमला. सावकाश तपासा सुनेला."

असाच एक गुरुवार. केसपेपरच्या दोन खिडक्या होत्या, एक बायकांची, एक पुरुषांची. त्या दोन रांगांच्या मधे जी रिकामी जागा होती, तिथे दोघी उभ्या होत्या. एक पन्नाशीच्या पुढची, हिरवी काठाची साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर बांगड्या आणि आवाज घोगरा, भारदस्त. दुसरी विशीतली, खोकून खोकून वाकलेली. थोरली ती गुरू आणि धाकटी तिची चेली, म्हणजे पदरात घेतलेली मुलगीच. लोक त्यांना ज्या शब्दाने हाक मारायचे तो तुला माहीत आहे. या घरात तो शब्द मी कुणाला काढू देत नाही. बायकांची रांग म्हणत होती, इकडे नको. पुरुषांची रांग नुसती खिदळत होती. आणि त्या दोघी मधे, जशा काही बसथांब्यावर उभ्या असाव्यात.

मी बायकांच्या खिडकीशी गेले आणि धाकटीचा कागद मागितला. आतला मुलगा म्हणाला, "काकू, हे बाईत लिहू की बाप्यात?"

"मी आजारी पडले तर मला कशात लिहिशील?"

"बाईत."

"मग तिथेच लिही. माझ्याच ओळखीची आहे."

ओळख पाच मिनिटांची होती, पण होती की नाही?

मॅडमनी दोघींना आत घेतलं. "काय होतंय गं?" त्यांनी धाकटीला विचारलं, आणि थोरलीने उत्तर दिलं. "रातभर खोकती. भूक नाय. गोळी दिली तर थुंकती. लय हट्टी हाय." मॅडमनी पुन्हा धाकटीला विचारलं, पुन्हा थोरलीच बोलली. आमची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अस्सल सासूबाई! मॅडमची भुवई वर गेली आणि दिंडोरीचा मुलगा उठला.

"गुरूमा, सकाळपासून उभ्या आहात. घोटभर चहा घेऊ या."

ती मोठ्याने हसली. "क्या रे बेटा, मला कटवतो काय?" पण उठली. मीही मागोमाग गेले.

फाटकापाशी टपरी होती. गुरूमाने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बोलायला लागली. एकलहऱ्याच्या रस्त्याला घर, अंगणातून वीज केंद्राची धुराडी दिसतात, वारा फिरला की धुतलेल्या साड्यांवर राख बसते, चेल्या आळशी आहेत, ही खोकणारी सगळ्यांत गुणाची पण तिला तोंडावर सांगायचं नाही, नाहीतर डोक्यावर बसेल. मग याच्या द्राक्षांची चौकशी. मला हसू आवरेना. आणि हा मुलगा मात्र तिच्या बशीकडे बघत होता. चहावर साय धरली होती. ओठाला बशी लावलीच नव्हती तिने.

"गुरूमा, चहा नाही आवडला?"

"आवडतो रे. घरी जाऊन घेते."

"पाणी सांगू?"

"नको."

"सकाळपासून काही प्यायलंय का तुम्ही?"

"तू डॉक्टर का पोलीस?" ती खेकसली.

तो तसाच बसून राहिला. त्याला तेच येत होतं. बऱ्याच वेळाने ती बशी खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात संडास दोन. एकावर बाईचं चित्र, एकावर बाप्याचं. एकीकडनं बाया हाकलत्यात, दुसरीकडं बापे आत वाकून बघत्यात. मग पाणीच प्यायचं नाय. सोपं काम."

इतकी वर्षं त्या दवाखान्यात बायकांना घेऊन जाणारी मी, पण त्या दारांकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"आणि घरी?" त्याने हळूच विचारलं.

"घरी तरी काय? थेंब थेंब. जाळ होतो नुसता. ताप येतो, जातो. लय दिस झाले."

"कुणाला दाखवलं नाही?"

"दाखवलं होतं एकदा, लांबच्या गावी. डॉक्टर वाईट नव्हता. पण मला निजवलं आणि बाहेर जाऊन समद्यांना बोलावून आणलं. पोरं, पोरी, फरशी पुसणारी पण. चादर वर. समदे बघत होते, पण माझ्या तोंडाकडं एकानं बघितलं नाय. मी तशीच उठले आन् घरी आले. मरंन, पण परत तशी निजणार नाय."

त्याने विचारलं, "मॅडमना सांगू?" ती म्हणाली, "सांग. एकट्या मॅडमला सांग."

चेलीचा खोकला औषधाने जाणारा निघाला. पण गुरूमाचं ऐकून मॅडमचा चेहरा बदलला. लघवीचा मार्ग आकसत चाललाय, ताप त्याचाच, असंच राहिलं तर आत मूत्रपिंडं निकामी होतील, आजच दाखल करायला हवं, असं त्यांनी तिला समोर बसवून, तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "एकच डॉक्टर बघंल. आन् निजंन ती बायांच्या वॉर्डात. नाय जमत तर तसं सांगा, मी चालले."

हे काम शस्त्रक्रियेच्या मोठ्या सरांचं. मॅडम दिंडोरीच्या मुलाला म्हणाल्या, "जा, सरांशी बोल."

"मी?" त्याचा रंगच उडाला. परीक्षा तोंडावर, आणि तोंडी परीक्षा घेणारे तेच सर.

"तिने तुला सांगितलंय, मला नाही. मी गेले तर दोन डॉक्टरांचं बोलणं होईल. तू तिच्या बाजूने बोल. एवढ्यासाठीच तर गुरुवारचे फिरताय ना?"

मी त्याच्याबरोबर गेले. माझं काय, मी सोबत.

सरांची फेरी चालली होती. सर पुढे आणि मागे पोरांचा सगळा घोळका, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर. शिकायची हीच पद्धत, सगळ्यांनी खाटेभोवती कोंडाळं करायचं आणि बघायचं. आमचा मुलगा समोर उभा राहून घसा खाकरायला लागला. सर म्हणाले, "झाला असेल घसा साफ, तर बोला."

त्याने सरांना चार पावलं बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. सरांचे डोळे चमकले. "अरे, असा पेशंट तुम्हाला पुन्हा बघायला मिळणार नाही! बाकीच्या बॅचलाही बोलाव."

"सर, तेच सांगायला आलोय. कुणालाच बोलवू नका. फक्त तुम्ही आणि सिस्टर."

"आणि तू?"

"मीपण नाही, सर."

"मग शिकणार कसा तू?"

मला वाटलं, आता पुन्हा खाकरतो. पण म्हणाला, "सर, आपण गर्दी केली तर ती उठून जाईल. मग कुणीच काही शिकणार नाही, आणि तिचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही तपासा. मला नंतर सांगा. मी ऐकून शिकतो."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वॉर्ड?"

"बायकांचा, सर. कोपऱ्यातली खाट, पडद्याची."

"आणि तिथल्या बायकांनी आरडाओरडा केला तर?"

"तो माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं.

"या कोण?"

"या काकू, सर. त्या असतातच," तो म्हणाला.

सर पुटपुटले काहीतरी, मग घोळक्याकडे वळून म्हणाले, "फेरी इथेच थांबवतोय. जा, चहा प्या सगळे."

पडदा ओढला गेला. आत सर आणि सिस्टर. बाहेर आमचा मुलगा पाठ करून भिंतीकडे तोंड केलेला, हात कसे धुवावेत त्याचा तक्ता पाठ करत असल्यासारखा वाचत होता. आतून सरांचा आवाज आला. "बाई, जरा कुशीवर व्हा. दुखलं तर सांगा, मी थांबतो." नळी घातली आणि किती दिवसांची तुंबलेली लघवी मोकळी झाली. थोड्या वेळाने मी आत गेले तर गुरूमा छताकडे बघत होती, डोळे वाहत होते. मी म्हटलं, "दुखतंय का?"

"नाय गं. मला बाई म्हणाला तो."

पुढे ऑपरेशन झालं. सरांनी दिंडोरीच्या मुलाला खरंच बसवून, कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. पण सगळंच गोड झालं असं समजू नकोस. वॉर्डातल्या एका बाईने खाट बदलून मागितली आणि घेतली. दोन पोरं त्या कोपऱ्याकडे शेवटपर्यंत फिरकली नाहीत. सिस्टरनी मात्र त्यांच्या स्वतःच्या संडासाची किल्ली गुरूमाच्या उशाखाली ठेवली. शेजारच्या खाटेवर पेठच्या डोंगरातली एक म्हातारी होती, तिची माणसं बागांच्या मजुरीला गेलेली, भेटायला कुणी नाही. गुरूमाच्या चेल्या डबा आणायच्या तो दोघींचा. दुपारी गुरूमा तिची वेणी घालायची. भेटायला आलेल्या कुणा पोरीने आपलं तान्हं बाळ पुढे केलं, "गुरूमा, आशीर्वाद द्या." तर ही म्हणते कशी, "घरी बोलव, अंगणात नाचंन. इथं मी पेशंट हाय."

बरी झाल्यावर मॅडमनी तिला वर्गात बोलावलं. तिने आधीच बजावलं, "टेबलावर निजणार नाय, खुर्चीवर बसंन." बसली. म्हणाली, "या एकेक, आन् मला विचारा काय होतंय." पहिला मुलगा आला तो जमिनीकडे बघत, "काय त्रास होतोय?" गुरूमा म्हणाली, "जमिनीला काय विचारतो? ती बरी हाय. इकडं बघ, तोंडाकडं." सगळा वर्ग हसला, तोही हसला, आणि वर बघितलं. मग एक मुलगी उठली, तिने विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

गुरूमा म्हणाली, "इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं बघ. मावशी म्हण."

त्यानंतर गुरूमा दर दोन-तीन महिन्यांनी यायची, कधी एकटी नाही. बरोबर कुणीतरी असायची, तोंडाला पदर लावलेली, दारातून परत पळू बघणारी. तिच्यामागून आमची चारपाच पोरं. खिडकीवर वाद, वॉर्डावर वाद, कधी जमायचं, कधी नाही. काही काळाने तपासणीच्या खोल्यांजवळच्या एका संडासाच्या दारावरचं चित्र कुणीतरी काढून टाकलं. कुणी काढलं, ते मी विचारलं नाही.

गुरूमा जाऊन बरीच वर्षं झाली. म्हातारी होऊन, स्वतःच्या खाटेवर गेली, आणि दिंडोरीचा मुलगा तेव्हा उशाशी होता. आता तो चांगला टक्कल पडलेला डॉक्टर आहे. मॅडम लेकीकडे परदेशी असतात. ती खोकणारी चेली आता स्वतः गुरू झालीय, अधूनमधून माझ्याकडे येऊन बसते. परवा आली तेव्हा काळजीत होती. तिच्याकडे एक नवी चेली आलीय, वयाने तुझ्याएवढी. पोटात दुखतं, जेवत नाही, आणि दवाखान्याचं नाव काढलं की आतून कडी लावून घेते. मी दोनदा जाऊन आले. माझ्याशी बोलते, पण म्हातारीशी बोलावं तितपतच.

तू आलीस तर बोलेल, असं मला वाटतं. तपासायला नको येऊस. कोट घालू नकोस. नुसती येऊन तिच्या शेजारी बस, आणि ती बोलेपर्यंत घाई करू नकोस. तेवढं जमलं तर पुढचं आपण दोघी मिळून बघू, कुठल्या दवाखान्यात, कुणाकडे. परीक्षा झाल्यावर येते, असं सांगू नकोस, परीक्षा काय संपतच नाहीत तुमच्या. पुढच्या रविवारी सुट्टी आहे ना? सकाळच्या गाडीने निघालीस तर जेवायला पोचशील. मी त्या पोरीलाही सांगून ठेवते. ये बाई, लवकर ये.